ओव्हरटेकचं बटण आणि बाबांची हाक

दोन हजार नऊ साली फॉर्म्युला शर्यतीच्या गाड्यांना ते बटण आलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. ब्रेक मारताना जी ताकद फुकट जाते ती साठवायची, आणि पुढच्याला ओव्हरटेक करायची वेळ आली की स्टीअरिंगवरचं बटण दाबायचं. एका फेरीत जेमतेम सहा-सात सेकंद इंजिनाला जादा जोर.

मी तेव्हा इंजिनिअरिंग शिकत होते. रविवारी संध्याकाळी आचऱ्याच्या आमच्या घरात टीव्हीसमोर ठाण मांडून बसायचे. माझ्या आवडत्या चालकाच्या गाडीत बटण होतं, तरी तो मागेच. कारण पुढच्याकडेही तेच बटण! हा दाबायचा, तोही दाबायचा, अंतर जिथल्या तिथे. ओव्हरटेकसाठी काढलेली सोय पुढचा वाट अडवायला वापरतो म्हणजे काय? मी टीव्हीवर खेकसायचे. बाबा बाजूला फाटकं जाळं सांधत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "काय गो बाय, बटण दोघांकडे आसा, मगे फुडे कोण जातलो?"

मला त्यांचाही राग यायचा.

बाबांना नारळी पौर्णिमेची होड्यांची शर्यत एकदा तरी जिंकायची होती. खाडीतली ती शर्यत दर वर्षी वरच्या वाडीची होडी मारायची आणि आमची दुसरी यायची. त्यात बाबांचा उजवा खांदा कामातून गेलेला. डॉक्टरांनी वल्हं सोडायला सांगितलं, तेव्हा यंदाची शेवटची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मग मी हट्टालाच पेटले. सुरुवातीपासून जीव तोडून वल्हवायचं नाही, थोडा दम राखायचा, आणि वळणाशी बाबांनी हाक दिली की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा, असं मी आमच्या होडीतल्यांना समजावलं. बाबांना ते एकदम पटलं. "म्हंजे आमचा बटण माझ्या तोंडात!" ते म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी मी काठावर होते. वरच्या वाडीची होडी थोडीशीच पुढे होती. वळण आलं आणि बाबा ओरडले, "ओढा रे, ओढा!"

आमची होडी उसळली. मी किंचाळले. आणि पुढची होडीही तश्शीच उसळली.

ती रापणीची हाक होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोर धरून ओढायचं मोठं जाळं. आमच्याकडे दोन्ही वाड्या मिळून ते ओढतात, आणि ओढायचं ते बाबांच्या हाकेवर. वर्षानुवर्षं त्या आवाजावर ज्यांचे हात चालले, ती सगळी माणसं पुढच्या होडीत बसलेली! बाबा पुन्हा ओरडले, ती होडी पुन्हा सुटली. "बाबा, गप्प बसा!" म्हणून मी घसा फोडला, पण ढोलांच्या दणदणाटात कोण ऐकतो? तेवढ्याच अंतराने हरलो.

वरच्या वाडीचा म्होरक्या ओलाचिंब होऊन बाबांपाशी आला. "काका," तो म्हणाला, "आम्ही दमलेले होतो. पण तुमची हाक इली आणि हात आपसूक चलले."

माझं डोकं फिरलं. हे ऐकून बाबांनी रागाने हातातलं वल्हं आपटायला हवं होतं. ते चक्क हसले. घरी जाऊन आईला तीनतीनदा सांगितलं, "आयकलंस मां? माझ्या हाकेर तेंची पण होडी पळाली." जिंकल्यासारखा चेहरा. मी त्या दिवशी जेवले नाही.

पुढच्या वर्षी गाड्यांमधलं ते बटण सगळ्यांनी आपसांत ठरवून बाजूला ठेवलं. बरं झालं म्हटलं, नसती कटकट. त्या वर्षी बाबा होडीत नव्हते, माझ्या शेजारी काठावर होते, खांदा चोळत. आमची होडी मागेच होती. वळण आलं तशी त्यांच्या गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसली, पण तोंड मिटलेलं.

"ओरडा ना, बाबा!" मी म्हटलं.

"कोणासाठी गो? हाक मारली तर दोनय जातली."

मला त्यांना पहिलं आलेलं बघायचं होतं, एकदाच, आणि ते आता कधीच होणार नव्हतं. आमची होडी दुसरी आली. बाबांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, डाव्या हाताने मांडीवर.