बहिणीच्या घरचं पाणी

आमच्या मुलखात टाकं बांधावं ते पेमारामनं. जमिनीच्या पोटात उतरून तो चुन्याचा गिलावा असा घोटायचा, की त्यात तोंड पाहून घ्यावं. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो. आलाच, तर त्याला बसायला जागा हवी. ती जागा पेमाराम करी.

दुसरी ख्याती त्याच्या रीतीची. बाप आणि थोरला भाऊ लेकीबहिणीच्या सासरचं काही घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. पुष्कळांनी ही रीत सैल केली. पेमाराम मात्र धाकट्या बहिणीकडे, गवरीकडे, जाताना पाण्याची कापडी पिशवी खांद्याला अडकवूनच निघे. लोक कौतुक करत आणि त्याला ते आवडे.

आई आधीच गेलेली. बाप गेला, तेरावं झालं, घरचा कर्ता म्हणून पेमारामच्या डोक्याला पगडी बांधली, आणि मग तो गवरीला तहसिलात घेऊन गेला. जबरदस्ती कोणी केली नाही. करावी लागतच नाही. वाटा मागणाऱ्या बहिणीच्या दारात लेकीच्या लग्नाला मायऱ्याची, म्हणजे मामाच्या आहेराची, ताटं घेऊन भाऊ उभा राहत नाही, हे आमच्या मुलींना पाळण्यातच कळतं. अर्ज लिहिणाऱ्यानं वाचून दाखवलं, की बापाच्या जमिनीतला अर्धा हक्क मी राजीखुशीनं भावासाठी सोडते. गवरीनं अंगठा दिला, शाई ओढणीला पुसली. पेमारामनं तिला बाहेर गरम कचोरी खाऊ घातली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा त्याच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. सगळेच भाऊ असं करत आले होते.

पुढं गवरीचा नवरा वारला. घरातला आपला हिस्सा त्यानं जिवंतपणीच भावाला विकून टाकला होता. दिरानं तिला घालवलं नाही. लेकीला घेऊन चाऱ्याच्या खोपटात राहा म्हणाला. माहेरी तिनं हे एका अक्षरानं कळवलं नाही.

त्या उन्हाळ्यात दिराच्या टाक्याला चीर पडली म्हणून पेमारामला बोलावणं गेलं. तो टाक्यात उतरला. दुपार चढली तशी पिशवी रिकामी झाली. वर गवरी पितळी लोटा घेऊन उभी होती. त्यानं तोंड फिरवलं. ती टाक्याच्या काठावर बसली आणि भावाला हसत म्हणाली, "बीरा, माझ्या घरचं घोटभर पाणी तुला चालत नाही. माझं अख्खं शेत कसं रे पचलं?"

ती हसली म्हणून तोही हसला. पण वर आला आणि त्याला खोपट दिसलं. विटांवर ठेवलेली तिची लग्नातली पेटी. गवताच्या पेंढ्यांना टेकून भाची गहू निवडत होती. त्या दिवशी त्यानं लावलेला गिलावा सुकायच्या आत सुटला. तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

घरी बाजरीची भाकर पुढं आली की त्याला वाटे, ही तिच्या अर्ध्यातली की माझ्या अर्ध्यातली. शेवटी बायकोला, सायरीला, त्यानं सांगितलं की गवरीचा वाटा तिला द्यायचा. सायरी भाकर थापता थापता म्हणाली, "बहिणीला शेत, तुम्हाला नाव. आणि माझ्या हाती धुपाटणं?"

"तुझा अंगठाही तुझ्या भावानं घेतलाय, सायरी."

तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही. आणि पुढंही तिनं आडकाठी घातली नाही.

पेमारामला वाटलं होतं, तहसिलात जाऊन जुना कागद फाडला की झालं. अर्ज लिहिणाऱ्यानं समजावलं, की बहिणीनं हक्क सोडला, नोंद झाली, शेत तुझं झालं. आता तिला मिळायचं तर तू बक्षीसपत्र करायचं.

"म्हणजे काय लिहिणार?"

"बहिणीवरच्या मायेपोटी ही जमीन तिला दान देतो."

"तिचंच तिला, आणि दान? परत करतो असं नाही का लिहिता येत?"

"देतो, असं लिहिता येतं."

मग पेमारामनं सही केली. कायद्यानं त्याला दाता केलं, आणि गावानं त्याहून वर चढवलं. चौथऱ्यावर बोलावून त्याला साफा बांधला. असा भाऊ सगळ्यांना मिळो म्हणाले. तो सांगायला गेला, की मी दिलं नाही, घेतलेलं परत टाकलं. लोकांना तो त्याचा विनय वाटला. साफ्याखाली त्याची मान इतकी खाली गेली, की मला वाटलं कापडालाच वजन आहे.

गवरी शेत पाहायला आली तेव्हा खेजडीच्या झाडाखाली तो तिची वाट पाहत होता. त्या दिवशी त्यानं पिशवी आणली नव्हती. तिच्या हातातल्या लोट्याकडे पाहून त्यानं ओंजळ पुढं केली.

गवरीनं ओंजळीकडे पाहिलं. लोटा कलता केला, आणि पुन्हा सरळ धरला.

"हे दिराच्या टाक्यातलं आहे," ती म्हणाली. "माझ्या शेतात टाकं बांध. त्यात पाणी येईल ते माझं. तेव्हा ये, पाजीन."

पेमाराम मान हलवून उठला. बांधाकडच्या उताराला त्यानं काठीनं गोल आखला आणि कोरड्या तोंडानं खणायला लागला.