शहादेवच्या अंगातली किरणं

अणुवीज केंद्रातली तीस वर्षांची नोकरी संपवून शहादेव नेकनूरला परतला, तेव्हा गावाने त्याच्या अंगात किरणं आहेत असं ठरवून टाकलं. गावातले शेतकरी बबनराव नव्या घराला भेट द्यायला आले, अंगणातच उभे राहिले. शहादेवच्या बायकोने, मालनबाईंनी चहा आणला, तर बबनरावांनी हात मागे घेतले. म्हणाले, तसं काही न्हाई, पण युरेनियमचं लई वाईट असतंय.

शहादेवला हसूच आलं. याच माणसाच्या आज्याने शहादेवच्या आज्याला ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. तेव्हा विटाळ म्हणत, आता किरणं म्हणायची सोय झाली. कच्च्या युरेनियमची बरीचशी किरणं साध्या कागदानेही अडतात. त्याची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, आणि अणुभट्टीत जळून आलेल्या इंधनाजवळ फिरकायचं नाही, ते खोल पाण्यातच ठेवायचं. छातीवर किरणं मोजायचा बिल्ला लावून त्याने आयुष्यभर हेच पाळलं होतं. पण हे बबनरावांना सांगायचं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं.

पुढच्या उन्हाळ्यात बबनरावांना शेततळं खोदताना एक काळा, जड दगड सापडला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भेटलेल्या दोघांनी त्याला पीं-पीं वाजणारं यंत्र लावलं. युरेनियम आहे, बाहेरच्या देशात विकू, म्हणाले आणि तपासणीसाठी आगाऊ रक्कम मागितली. बबनराव टॉवेलात दगड गुंडाळून शहादेवकडे आले. या वेळी थेट घरात, खुर्चीवर.

शहादेवने लोहचुंबक लावलं. खटकन चिकटलं.

"जुन्या भट्टीतला लोखंडाचा मळ हाय हा. खरं युरेनियम असतं तर ते इकायला निघालात म्हणून आत गेला असता."

"तुला आमचं बरं बघवत न्हाई, शहादेवा," असं म्हणून ते उठले आणि दोन म्हशी विकून त्या दोघांना पैसे देऊन आले. दोघांचे फोन बंद झाले. महिन्याभराने ते दुसऱ्या गावात पकडले गेले, तेव्हा पोलिसांनी बबनरावांना दगडासकट बीडला बोलावलं. भल्या सकाळी बबनराव दारात हजर. दगड उशाशी घेऊन झोपत होतो, आता अंगात किरणं गेली असतील का, हा पहिला प्रश्न. दुसरा, सोबत येता का, साहेब?

साहेब! शहादेवने शर्ट चढवला. ठाण्यात त्याने फौजदारांना दगड काय आहे ते समजावून सांगितलं. फौजदार हसले, जबाब घेतला आणि बबनरावांना सोडून दिलं.

संध्याकाळी मालनबाईंनी विचारलं, "कावून गेलता त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी कोण गेलं? त्या गोट्याला सरकारी कागदावर युरेनियम लिहिलं असतं, ते मला खपलं नसतं."

आठवडाभरात बबनराव पारावर सांगू लागले की दगड साधा असल्याचं आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, पोलिसांनाही आपणच पटवलं. शहादेव तिथूनच चालला होता. त्याला पाहून बबनराव जरा सरकून बसले, शेजारी बसलेल्या पोराला म्हणाले, लांब हो, किरणं असत्यात.

शहादेव थांबला नाही. दुसऱ्या गावातला असाच एक दगड बघायला फौजदारांनी बोलावलं होतं, आणि बीडच्या गाडीची वेळ झाली होती.