नेऱ्याला, वेरा म्हणूनच

साठच्या दशकातली गोष्ट. लग्नाला चार महिने झाले होते, तरी सासूबाईंनी मला पाहिलं नव्हतं. दत्ता मॉस्कोला शिकायला आला आणि माझ्याशी लग्न करून मला मुंबईला घेऊन आला. तोवर मी त्याच्याकडून मराठी शिकले होते. शेवटी त्याच्या गावी, पनवेलजवळच्या नेऱ्याला जायचं ठरलं.

"गावात नाव विद्या सांग," तो म्हणाला. "रशियाचं फार बोलू नकोस. बिचकतील."

मी मान डोलावली. चांगली सून व्हायचं तर हे करावंच लागेल, असं मलाही वाटे.

एसटीने ठाणे, मुंब्रा करत पनवेल गाठेपर्यंत सकाळ संपली. स्टँडजवळ चहा-भजी खाऊन पुढे बैलगाडी. आता तिथवर चांगला रस्ता आहे. तुम्हाला जायचं तर भातकापणीनंतर जा. शेतं मोकळी होतात आणि डोंगर अगदी समोर येतात.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओसरीवरून चुलतसासऱ्यांनी विचारलं, "मडम हाय का ही? इंग्रजांची?"

"नाय काका, ही विद्या," दत्ता घाईने म्हणाला.

"तिला बोलू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुजा नाव काय गो पोरी?"

पाठ केलेलं नाव ओठांवर होतं, पण ते काही बाहेर पडेना. "वेरा," मी म्हणाले. "मी रशियन आहे."

दत्ताने मान खाली घातली.

"वेरा म्हंजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"वेरा म्हणजे विश्वास."

"मंग बरा हाय की नाव! लपवायचा कशाला?"

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकट. आमच्याकडेही मासे सुकवून खातात, असं मी सांगितलं तेव्हा काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "म्हंजे आपल्यासारकीच मानसं हायत," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी निघताना मी सवयीने ट्रंकेवर बसले.

"काय झाला? पाय दुखतात?" सासूबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे निघण्याआधी सगळे जरा गप्प बसतात. प्रवास नीट होतो."

त्या लगेच माझ्याशेजारी टेकल्या. "बसा रे सगलेजण!"

काकासुद्धा बसले. बाहेर बैल घुंगरं वाजवत होते आणि ओसरीवर कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

मुंबईत परतल्यावर आईला पत्र लिहिलं: मी सुखात आहे, काळजी करू नकोस. तसं मी प्रत्येक पत्रात लिहीत असे. या वेळी ते खरं होतं.