वरून ओतलेलं पाणी

मी अहवालात खोटं लिहिलं, आणि त्याला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

एका वाक्यात सांगून टाकलं. एरवी मी गोष्ट फार फिरवून सांगतो, लोकांना हसवत हसवत. ती खोडही त्या अहवालापासूनचीच.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकला एका आर्ट्स कॉलेजात बी.ए. करत होतो. समाजशास्त्राच्या सरांनी त्या वर्षी मोठ्या हौसेनं सार्वजनिक आरोग्य शिकवायला घेतलं होतं. कावीळ कशी पसरते, हगवण कशी पसरते, एकाच भांड्याला सगळ्यांनी तोंड लावलं की काय होतं. मी असा पेटलो की आमच्या बौद्ध कॉलनीत घरोघर सांगत सुटलो, माठात हात बुडवू नका, दांड्याचं ओगराळं वापरा. आई म्हणाली, आधी आपल्या घरचं ओगराळं कुठं गेलं ते सांग. ते मी वर्गात दाखवायला नेलं होतं आणि तिथंच विसरलो होतो.

तर असा मी आरोग्यवाला. बेलबॉटम पँट आणि बगलेत सायक्लोस्टाइल केलेल्या फॉर्मांचा गठ्ठा.

पाहणीसाठी चांदवड तालुक्यातलं एक गाव मिळालं. शरद नावाचा माझा बाकावरचा मित्र होता, त्याच्या मामांचं गाव. आम्ही पाच जण एस.टी.नं उतरलो, फुफाट्यातून चालत मामांच्या ओसरीवर पोचलो. घसा कोरडा पडला होता. मामी हातांत मावले तेवढे चार पेले घेऊन आल्या. मी पाचवा. त्यांनी शरदला आत बोलावलं, काहीतरी विचारलं. बाहेर आल्या त्या तांब्या घेऊन.

"तू खाली अंगणात उतर, बाळा. ओंजळ धर."

बाळा म्हणाल्या. आवाजात रागबिग काही नाही. धार इतक्या उंचावरून सोडली, पण थेंब इकडचा तिकडं झाला नाही. हात सरावाचा होता. माझाही होता म्हणायचा. शहरात वाढलेला मी, असं पाणी आयुष्यात कधी प्यालो नव्हतो. तरी ओंजळ बरोबर धरली गेली. कोपरं बाहेर, मान खाली. हातांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

बाकीचे चौघं आपापल्या पेल्यात बघत बसले. शरद म्हणाला, "गार आहे ना पाणी?"

मी म्हणालो, "मस्त आहे."

पहिलं खोटं ते.

दुपारी वस्तीची पाहणी माझ्याकडे आली. ती माझ्याकडेच का आली, हे कुणी बोललं नाही. गावाबाहेर पंधरा-सोळा घरं. पहिल्याच घरात गयाआजी. तिनं आडनाव विचारलं, मी सांगितलं, तशी ती उठली आणि घरातला एकुलता एक कान शाबूत असलेला कप काढून मला चहा दिला. पाणी कुठून आणता, हा फॉर्मवरचा नववा प्रश्न. ती म्हणाली, गावच्या विहिरीवरून. पण विहिरीला हात नाही लावायचा. घागर लांब ठेवायची आणि उभं राहायचं. वरची बाई आली, तिच्या मनात आलं, तर ती शेंदून वरून ओतणार. नाही आलं तर ऊन डोक्यावर येईस्तोवर उभं. मग तिनं माझ्या पेनकडं बघितलं.

"आपला पोरगा लिव्हतोय. म्हंजी नीट लिव्हणार."

या पाहणीवरून गावाला एक हातपंप मिळणार होता. कुठं बसवायचा, ते सर पंचायत समितीला सुचवणार होते. हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

आणि मी काय लिहिलं? कॉलेजच्या लायब्ररीत पंख्याखाली बसून, सुंदर अक्षरात लिहिलं, की या गावात पाणी वरून धार धरून देण्याची पद्धत आहे. भांड्याला पिणाऱ्याचं तोंड किंवा हात लागत नाही, त्यामुळे संसर्ग टळतो. वस्तीलाही पाणी याच पद्धतीने मिळते.

एकेक शब्द तपासून बघा. कुठंच पकडता येणार नाही.

का लिहिलं? अहवाल वर्गात मोठ्यानं वाचला जाणार होता. वर्गात सगळ्यांच्या देखत पुन्हा त्या अंगणात उतरायचं, ओंजळ धरायची, हे मला नको होतं. म्हणून मी त्या पाण्याला जंतूंचं शास्त्र चोपडलं. आमच्या कॉलनीच्या नळावर भांडणारा, जयंतीच्या मिरवणुकीत घसा फोडणारा मी. कागदावर आलो आणि मामींचा वकील झालो.

सरांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. "बघा, आपल्या पूर्वजांचं आरोग्यशास्त्र," म्हणाले. मग म्हणाले, वस्तीला अडचण दिसत नाही, तेव्हा पंप मारुतीच्या पारापाशी सुचवू. मी बाकावरच होतो. तोंड उघडायला सबंध तास होता. मी वहीच्या मागे ओगराळ्याचं चित्र काढत बसलो.

तास सुटल्यावर शरदनं खांद्यावर हात टाकला. मनापासून टाकला, हे आजही सांगतो.

"भारी लिहिलंस यार. मामींची लाज राखलीस."

त्याच्या मामींची. माझी नाही, गयाआजीची नाही. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आईनं विचारलं, पोट बिघडलंय का? सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी म्हणून मी हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात पंचायत समितीचे अधिकारी कॉलेजात आले. मी अहवाल वाचायचा होता. टेबलावर त्यांच्यासाठी जग आणि पेले ठेवले होते. मी उभा राहिलो, कागद खाली ठेवला, टेबलापासून दोन पावलं मागं सरलो आणि ओंजळ धरली.

"शरद, मामींनी मला पाणी कसं दिलं, ते दाखव."

त्यानं जग उचलला खरा. पण हात वर जाईना. मी तसाच उभा, रिकामी ओंजळ घेऊन. मग सांगितलं. वस्तीतल्या बाया विहिरीपासून लांब उभ्या राहतात. त्यांना विहिरीला शिवू देत नाहीत. मी लिहिलंय ते खोटं आहे, आणि पंप वस्तीत हवा.

सरांचा चेहरा उतरला. "हे तू आधी का नाही लिहिलंस?"

"लाज वाटली, सर. मामींनी वाटून घ्यायची होती ती मीच सगळी घेतली."

अधिकारी घड्याळ बघत म्हणाले, शिफारस कधीच वर गेली, आता बघू. बघू म्हणजे काय, ते उन्हाळ्यात कळलं. पंप पारापाशी बसला. वस्तीतल्या बाया आता पंपापासून लांब उभ्या राहायला लागल्या. दांडा दुसऱ्यानं मारायचा, घागर आपली. माझ्या परिच्छेदातली आरोग्यदायी पद्धत.

मी नवा कागद लिहिला. सरांसाठी नाही. कोण ओततं, कोण उभं राहतं, किती वेळ, नावानिशी लिहिलं. माझ्या ओंजळीसकट. तो घेऊन गावात गेलो. ठरवूनच गेलो की घरोघर अंगठे घ्यायचे आणि चांदवडला पंचायत समितीच्या कचेरीच्या दारात बसायचं. त्यांनी हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. पंप हलेपर्यंत. आणि यापुढे पेन हातात असेल तर कुणाचीही लाज राखायची नाही. स्वतःची तर नाहीच.

गयाआजीला आधी जुना परिच्छेद वाचून दाखवला. तो लपवला असता तर नवा वाचायला तोंड राहिलं नसतं. मग नवा वाचला. तिनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला. अंगठ्याला शाई लावून ठसा उठवला, अंगठा लुगड्याला पुसला. या खेपेला चहाचं नाव काढलं नाही.

मी म्हणालो, आजी, चूक झाली.

ती म्हणाली, "आमी अडाणी मान्सं, बाबा. येवढं खोटं आमाला नसतं जमलं. त्याला कालेजच लागतं."