दाजींचा उपास

हे मी आजवर कुणाम्होरं काढलं न्हाई. बायकोला न्हाई, आक्काला तर न्हाईच न्हाई. निमोण्याच्या देवळात हात जोडून उभा ऱ्हायलो तवाबी ह्यो विषय मी टाळला — देवाला तरी काय गरज सगळं सांगायची? तुम्हाला सांगतो. तुम्ही मला वळखत न्हाई, म्हणून सांगतो.

पण आधी दाजींचं सांगू द्या. दाजी म्हंजी माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक, दौंडचे, रेल्वेत नोकरीला. आमचं घराणं मेंढरामागं हिंडणारं. माझ्या वडलांनी, आबांनी, मेंढरं विकून निमोण्यात जमीन धरली तवा कुठं आम्ही एका जागी टेकलो. असल्या घराला रेल्वेतला जावई मिळाला — आबांना आभाळ ठेंगणं झालं. आन् दाजी? दर सणाला रुसवा. टोपी हलकी आणली, पाणी उशिरा दिलं, मला आधी का न्हाई विचारलं. जावई कसला, साडेसाती नुसती!

मी सतरा वर्षांचा असंन. जत्रेचं मटण होतं. मानाची नळी जावयाच्या ताटात पडायची, ती चुकून चुलत्याच्या पाव्हण्याच्या ताटात गेली. एवढंच. दाजींनी भरलं ताट लाथंनं उडवलं. "मेंढरामागं हिंडणाऱ्यांना पाव्हण्याची रीत काय ठावी!" अख्खी भावकी बघत होती. आन् आबांनी — माझ्या आबांनी — डोईचा फेटा काढला आन् त्या माणसाच्या पायावर ठेवला. मी काय केलं? मी फडकं घेऊन अंगणातला रस्सा पुसला. पुसता पुसता ठरवलं, ह्याला सोडायचा न्हाई.

वर्षं गेली, आबा गेले. माझ्या चार बसगाड्या रांजणगावच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करायला लागल्या. आक्काची पोरगी रोहिणी मुंबईत नोकरीला लागली आन् तिनं तिथलाच एक पोरगा पसंत केला. आपल्यातलाच, पण मुंबईत वाढलेला, घर बडं. दाजी तयार व्हईनात. दोन वर्षं त्यांची समजूत कुणी काढली? मीच. तवा माझ्या मनात काही वाईट न्हवतं, शप्पथ सांगतो.

पोराकडच्यांनी भेटायला बोलावलं मुंबईतल्या एका जुन्या हॉटेलात, दुपारच्या चहाला. राजेमहाराजे उतरायचे तसलं हॉटेल. एका कारखान्याच्या कार्यक्रमाला मी तिथं मुक्काम केलेला, म्हणून म्हणलं, आदल्या दिवशीच जाऊन ऱ्हाऊ, दमूनभागून लोकांम्होरं जायला नको. आक्काचे गुडघे धरलेले, ती घरीच ऱ्हायली. गेलो मी आन् दाजी.

आन् तिथं काय बघावं! ज्या माणसाला आमचं सगळं घर टरकायचं, त्यानं गालिचा बघून चपला काढून हातात घेतल्या. लिफ्टचं पितळी दार उघडणाऱ्या, पांढरे हातमोजे घातलेल्या माणसाला वाकून नमस्कार केला. पलंगावरच्या सहा उशा मोजल्या आन् मला विचारतात, "सुभाष, आजून कोन येनार हाय का ऱ्हायला?" मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, लई गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला माझ्याम्होरं बिनसाखरेचा चहा आला. आदल्या दिवशी मी एकदाच बोललेलो. इथं पाव्हण्याची आवड एकदा कळली की पुन्हा विचारत न्हाईत — आन् आग्रह तर मुळीच न्हाई. आमच्याकडं पाव्हण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी वाढायचं. दाजींचा तर सगळा जन्म आग्रहावर गेलेला. बिनसाखरेचा तो चहा पिता पिता माझ्या डोक्यात किडा वळवळला.

नेमकं तवाच दाजींनी माझा हात धरला. "मला इथलं काय बी कळत न्हाई रं. तू माझ्या शेजारीच बस. पोरीला कमीपना याया नको." सगळ्या जन्मात त्यांनी मला पहिल्यांदा काही मागितलं. दुसरा कुणी असता तर विरघळला असता. मी म्हणलं, "बसतो की. काळजी करू नका." आन् खाली गेलो.

खाली मोठ्या वेटरला गाठलं. म्हणलं, पांढऱ्या टोपीवाल्या साहेबांचा कडक उपास हाय. पाणीसुद्धा चालत न्हाई. विचारलं की त्यांना राग येतो, तवा विचारूच नका. त्यानं अदबीनं मान झुकवली. एवढंच केलं मी. किती सोपं, न्हाई का?

दुपारी सगळे बसले. पोराचे आईबाप, पोरगा, रोहिणी, दाजी, मी. चहा आला. तीन मजली ताटल्यांतनं खाणं आलं. सगळ्यांच्या म्होरं कपबशी — दाजींच्या म्होरं काही न्हाई. वेटर त्यांना वळसा घालून जायचा. पोराच्या आईनं एकदा बघितलं, वेटर तिच्या कानाशी पुटपुटला, तिनं हसून मान हलवली आन् ती रोहिणीशी बोलत ऱ्हायली. दाजी आधी माझ्याकडं बघत होते. मी सँडविच खात होतो. मग ते मांडीवरच्या हातांकडं बघत बसले. गिळत होते बिचारे, पोरीसाठी गिळत होते — मला दिसत होतं. वेटरला तवाच थांबवता आलं असतं. एक शब्द. मी दुसरं सँडविच घेतलं.

मग भडका उडाला. "आमच्यात दारातल्या कुत्र्यालाबी तुकडा टाकत्यात!" दाजी उभे ऱ्हायले. पोराची आई गोंधळली, म्हणाली, "अहो, पण तुमचा उपास आहे ना?" झालं! ही बाई आपली चेष्टा करती असंच दाजींना वाटलं. त्या बाईला ते असं काही बोलले की मी सांगू शकत न्हाई. रोहिणी "बाबा, बाबा" करत त्यांचा हात ओढत होती. पोराचा बाप शांतपणं उठला आन् बायकोला घेऊन गेला. पोरगा थोडा वेळ बसला. मग तोबी गेला.

लग्न मोडलं. मला मोडायचं होतं का? खरं सांगू? त्या घडीला मला रोहिणी दिसतच न्हवती. वेटरची चूक झाली असंल, पण बापानं एवढं बोलायचं का — असं सगळ्यांनी धरलं. त्या पोरानं पुढं दुसरीकडं लग्न केलं. रोहिणीनं बापाशी बोलणं टाकलं, आईलाबी फोन करीना, त्याला सहा वर्षं झाली. दाजी खंगले. मी गेलो की पहिलं विचारतात, "पोरीचा फोन आलता का तुला?" एकदा रडत म्हणाले, "माझ्या रागानं तिचं वाटोळं केलं रं." मी म्हणलं, "व्हय दाजी."

गेल्या महिन्यात रोहिणीनं लग्न केलं, तिच्या कामावरच्या एका चांगल्या पोराशी, नोंदणी करून. घरच्यांपैकी एकट्या मला बोलावलं. साक्षीदार म्हणून सही मीच केली. सही झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मामा, बाबा कधी माझं नाव काढतात का हो? काढत असतील तर मी ह्यांना घेऊन आत्ता, इथनंच दौंडला येते."

मी म्हणलं, "न्हाई गं पोरी. घरात तुझं नावबी काढू देत न्हाईत."

तिनं डोळे पुसले आन् नवऱ्याबरोबर गेली. घाईत निसटलेला शब्द न्हवता तो. मी पुरता विचार करून बोललो होतो.