रोजची पट्टी

"मला काय ठावं? मी पट्ट्या गुंडाळते." काहीही विचारा, बाईंचं उत्तर ठरलेलं. धुतलेल्या पट्टीचं एक टोक हनुवटीखाली दाबायचं आणि बोटांनी भराभर गुंडाळत सुटायचं. छावणीतल्या मिशनच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. मला वाटे, किती मठ्ठ बाई ही. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही तेच म्हणाला असता.

निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे महिने. हत्यारबंद टोळ्या गावं जाळत फिरत होत्या. या टोळ्यांच्या कचेरीत आमच्याच चर्चच्या मंडळीतला एक कारकून होता. रोज दुपारी मनगटावरच्या जखमेची पट्टी बदलायला यायचा. चार महिने झाले तरी जखम काही भरेना.

"बाई, हे दुखणं मनगटाचंच आहे ना?" मी चिडवायची.

"मला काय ठावं?" म्हणत बाई मान खाली घालायच्या. कचेरीतल्या त्या माणसावर यांचा जीव जडावा, याचा मला मनातून रागच होता.

पोलीस ॲक्शन झाली, टोळ्या पांगल्या आणि चर्चमध्ये पाळकांनी दोघांची नावं पुकारली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून. दोन रविवार निभावले. तिसऱ्या रविवारी मागच्या बाकावरून वेरूळकडचा एक म्हातारा शेतकरी उठला.

"हरकत हाय. माझ्या भावाचं घर पेटलं तवा ह्यो त्यांच्या कचेरीत लिहीत बसला व्हता. आत पोरगी व्हती. ह्याला समदं ठावं व्हतं."

त्या दिवसांत असा आरोप म्हणजे लग्न तर मोडलंच, वर तुरुंग. कारकून मान खाली घालून उभा. अरे बाबा, बोल ना काहीतरी.

बाई उठल्या. त्याची बाही वर सारून मनगट सगळ्यांना दाखवलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ही जखम हे रोज लिहायच्या टाकानं उकरायचे. पट्टीत चिठ्ठी असायची, कुठलं गाव जाळणार त्याची. मी ती औषधांच्या गाडीतून पुढं धाडायची. तुमच्या वस्तीची चिठ्ठीबी आणली व्हती यांनी. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात टोळीचा माणूस उभा व्हता. मी भ्याले. पट्टी उद्या बांधू म्हणून यांना तसंच परत धाडलं. पोरगी माझ्यामुळं गेली, काका."

"कशाला बोललीस गं?" कारकून हळूच म्हणाला. हे तो इतके दिवस गिळून बसला होता, तिच्यासाठी. मला माझीच लाज वाटली.

म्हातारा पुढं आला आणि ते मनगट हातात धरून पाहिलं.

"वाचा म्होरं, पाळकसाहेब," म्हणाला आणि टोपी घेऊन बाहेर निघून गेला.

पुढं दर नाताळात नवराबायको त्या वस्तीवर जायची. म्हातारा त्यांना ओसरीवर बसू द्यायचा, पाणी द्यायचा. बोलायचा मात्र नाही. बाई परत येऊन पट्ट्या गुंडाळायला बसायच्या.

बऱ्याच वर्षांनी बाई वारल्या, त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचे यजमान दवाखान्यात आले. नेहमीचीच दुपारची वेळ. माझ्यासमोर बसले आणि मनगट पुढं केलं. जखम कसली, नुसता जुना वण.

"काय झालं, दादा?"

"बांध," म्हणाले.

बाईंच्या हातची एक गुंडाळी कपाटात राहिली होती. तीच काढली आणि बांधून दिली.