राग उतरला, लेकरू हललं

आठव्या महिन्यात माझ्या पोटातलं लेकरू हलेनासं झालं, तेव्हा देवाला हाक मारावी असंही मला वाटत नव्हतं. हे सांगताना आज जीभ अडखळते, पण खरं तेच आहे. मेडशीला माझ्या सासरी देवघरात बालाजी होता. लग्न होऊन आल्यापासून त्याच्यापुढची सांजवात मी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षीही दिवा लावत होते, पण हात जोडले की ओठांवर त्याचं नाव येण्याऐवजी दात आवळले जात. माझ्यासाठी तिथे कोणी बसलेलं आहे, हा विश्वासच उरला नव्हता.

माझं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. तेव्हा माझे यजमान माझ्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले होते. पुन्हा दिवस राहिले तसे ते मला जड घागर उचलू देईनात, शेतात वाकू देईनात. अशा माणसाने श्रावणात एका सकाळी मालेगावच्या बाजाराला जातो म्हणून सांगितलं, भाकरी बांधून घेतली आणि तो गेला. दिवस मावळायच्या आत गावात बातमी आली. सरकारी रानातलं गवत कापून सत्याग्रह करणाऱ्यांत तेही होते, आणि शिपाई त्यांना अकोल्याला घेऊन गेले होते. पुढे शिक्षा झाली, तुरुंग झाला.

गावाने त्यांचं नाव घेतलं. बायका येऊन माझ्या कपाळाला कुंकू लावत आणि म्हणत, "नशीबवान हायेस व बाई, असा नवरा भेटला." मी मान खाली घालून बसे. ते गेले याचा मला राग नव्हता. मला न सांगता गेले, याचा होता. सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, आणि शेवटी स्वतःच्या हाताने ओवाळून पाठवलं असतं. पण त्यांनी मला तेवढं जवळचंही मानलं नाही, आणि तेही माझ्या पोटात लेकरू असताना. हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. तुरुंगात गेलेल्या माणसावर रागावलेली बायको कोणाला समजणार?

मग तो राग आतच राहिला. दळताना, निवडताना, भाकरी थापताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. घास तोंडात फिरायचा आणि तसाच राहायचा. हातापायांवर सूज आली, डोकं ठणकू लागलं. मनात भांडण पेटलं की पोट दगडासारखं कडक होई आणि लेकरू एका कुशीला अंग चोरून बसे. बराच वेळ मग ते हालचाल करत नसे. सासूबाई हे बघत होत्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण एकदा माझ्या पुढ्यातलं जातं थांबवून म्हणाल्या, "एवढा राग पोटात नको ठेवू, माय. तू एकटी नाहीस आता, पोटात लेकरू हाय." मी त्यांच्यावरही उसळले. "तुमच्या लेकाले सांगा ना हे," म्हटलं. मला उठवून त्यांनी माझ्या वाटणीचं दळण दळून टाकलं.

माहेर माझं शिरपूरचं. सातव्या महिन्यात जायचं ठरलं होतं, पण तिकडे वडील हिवतापाने पडले आणि जाणं लांबलं. कार्तिकात दादा, माझा थोरला भाऊ, बैलांची दमणी घेऊन न्यायला आला. आठव्यात बाईला प्रवासाला काढू नये असं सासूबाईंचं मत होतं. पण त्याआधीच्या दिवसापासून लेकरू हललं नव्हतं. मी ते फक्त त्यांनाच सांगितलं. बालाजीपुढचा अंगारा माझ्या पोटाला लावून त्या दादाला म्हणाल्या, "सावकाश ने. तिले तिच्या मायजवळ पोचव."

मालेगाव मागे पडलं आणि रस्ता दगडांचा लागला. दोन्हीकडे ज्वारी उभी होती, कपाशी फुटली होती. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. दमणीच्या प्रत्येक हिसक्याला माझं भांडण पुन्हा सुरू होई. हे लेकरूही गेलं तर त्यांना काय म्हणायचं, कोणते शब्द वापरायचे, हेसुद्धा मी ठरवून ठेवत होते. आणि त्यातच पोट आवळलं. या वेळी ते सैल होईना. कंबरेतून कळ निघाली, घाम फुटला, डोळ्यांपुढे काळोखी आली. मी ओरडले. दादाने बैल थांबवले, पण काय करावं ते त्यालाही कळेना. तो नुसता "बाई, बाई" करत राहिला.

रस्त्याच्या कडेला विहीर होती आणि चिंचेखाली दोन गाड्या सुटलेल्या होत्या. पौर्णिमेसाठी शिरपूरला पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेली कारंज्याकडची मंडळी जेवायला थांबली होती. त्यांतली एक बाई हातातलं ताट खाली ठेवून आमच्याकडे आली. पांढरं लुगडं, पिकलेले केस, जाड चष्मा. तिने मला काही विचारलं नाही. दादालाच म्हणाली, "कितवा महिना? आठवा? मंग असा उभा काहून? चादर टाक सावलीत, अन् पानी आन."

तिने मला डाव्या कुशीवर निजवलं. ओला पदर कपाळावर ठेवला आणि माझे सुजलेले पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन हळूहळू चोळायला लागली. परक्या, देवदर्शनाला निघालेल्या बाईने माझे पाय मांडीवर घ्यावेत, याचीच मला लाज वाटली. मी पाय ओढून घेऊ लागले, तर तिने घट्ट धरले.

"मालक कुठी हायेत?" तिने विचारलं.

"तुरुंगात. जंगलच्या सत्याग्रहात गेले."

आता ही पण नशीबवान म्हणेल, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तिचा हात पायांवरून फिरत राहिला. मग म्हणाली, "राग येते का त्यायचा?"

इतक्या महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझा बांधच फुटला. बाजाराचं निमित्त, बांधून दिलेली भाकरी, पहिलं गेलेलं लेकरू, आणि हेही हलत नाही हे भय, सगळं मी हुंदके देत त्या अनोळखी बाईला सांगितलं. दादा विहिरीपाशी तोंड फिरवून उभा होता. ती पाय चोळत ऐकत राहिली. समजूत घातली नाही.

"येईनच राग," ती शेवटी म्हणाली. "कोनाले नाही येनार? पन तू एकटी नाही भोगून राह्यली तो, लेकरूही भोगून राह्यलं. खाली ठेव त्याले जरा. बाळंतपन झालं, अंगात ताकद आली, का मंग उचलजो पाहिजे तर. नवरा कुठी पळून नाही जात, तुरुंगात हाय."

तिचं ते शेवटचं बोलणं ऐकून रडतारडताच माझ्या तोंडावर काहीतरी हलल्यासारखं झालं. तिने मला तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लावला. "तुह्या देवाचं नाव घे, माह्या देवाचं नको घेऊ," असंही म्हणाली. मी बालाजीचं नाव घेतलं. तोंडाने घेतलं, मनाने नाही. तरी हळूहळू पोट सैल पडत गेलं, कळा ओसरल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा तिने मला उठवून गुळाचं पाणी पाजलं आणि दादाला बैल पावलापावलाने न्यायला सांगितलं. लेकरू मात्र हललं नव्हतं.

माहेरी पोचले. आईने पोटाला हात लावून पाहिला आणि ती तेल गरम करायला गेली. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

सकाळी मी आईला म्हटलं, मला पार्श्वनाथाच्या देवळात ने. आमच्या गावात ते देऊळ सगळ्यांचंच. लोक सांगतात, आतली मूर्ती जमिनीला टेकत नाही, अधांतरी आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागे. आईने मला उतरू दिलं नाही, ती एकटीच गेली. मी वर भिंतीला टेकून बसले. समोर देव नव्हता, नुसता येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांचा आवाज होता. मी हात जोडले नाहीत. मनात म्हटलं, "तू म्हणे काही आधाराशिवाय उभा आहेस. मला ते जमत नाही. मी हे लेकरू धरून ठेवलं, राग धरून ठेवला, मला दोन्ही सांभाळता येत नाही. जगवायचं तर तू जगव. न्यायचं तर मला तुझ्याशी भांडायचीही ताकद दे. माझ्या हातात आता काही नाही." हे बालाजीला म्हटलं की पार्श्वनाथाला, मला माहीत नाही. ज्याने ऐकलं त्याला म्हटलं. डोळे गळत राहिले. त्या पाण्यात राग नव्हता, एवढं मला कळलं.

आईचा हात धरून बाहेर आले, तर धर्मशाळेच्या ओट्यावर कालची ती बाई. रस्त्यावर जिला मी मनोमन देवी करून टाकलं होतं, ती कमरेला पदर खोचून सुनेवर कडाडत होती. "लोनच्याची बरनी उपडी ठेवतेत का व? माह्ये सारे लुगडे तेलात! आता दर्शनाले काय नेसू, गोनपाट?" सून बिचारी तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती एकदम ओशाळली. "काल तुले सांगतलं, अन् आज मीच," म्हणाली.

मला हसू फुटलं. श्रावणानंतर मी पहिल्यांदा हसले, पोट धरून हसले. आणि हाताखाली, डाव्या कुशीला, लेकराने लाथ मारली. मी तिथेच ओट्यावर बसले. "आई," एवढंच म्हणता आलं. बाईने तेलकट हात लुगड्याला पुसून माझ्या पोटावर ठेवला. लेकराने पुन्हा लाथ मारली. तिने वर पाहिलं आणि मान डोलावली. आम्ही तिघीचौघी बायका भर सकाळी देवळापुढे रडत होतो.

मार्गशीर्षात मला मुलगी झाली. अंगाने बारीक, पण आवाजाने खणखणीत. रागाने लेकरू दगावतं असं मी कोणाला सांगणार नाही. कितीतरी बाया दुःखात दिवस काढतात आणि धडधाकट लेकरं जन्माला घालतात. पोटुशी बाईच्या डोक्यावर आणखी दोष कशाला? मी फक्त माझ्या अंगाने जे ओळखलं ते सांगते. आवळलेल्या मनात लेकराला जागा उरत नव्हती, आणि मन सुटलं तशी जागा झाली. तो चमत्कार होता की नव्हता, मी शोधत बसले नाही. माझ्यासाठी देव आला तो तेलकट हातांचा, तापट स्वभावाचा आला, आणि माझे पाय मांडीवर घेऊन बसला.

माघात यजमान सुटले आणि थेट शिरपूरला आले. वाळले होते, दाढी वाढली होती. दारातच उभे राहिले. मी आधी जे ठरवून ठेवलं होतं त्यातला एकही शब्द मला आठवला नाही. एवढंच म्हटलं, "सांगून जाचं होतं."

"तुह्या तोंडाकडे पाह्यलं असतं तर पाय निघाला नसता माह्या," ते म्हणाले.

"मंग तेच सांगाचं होतं."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "चुकलं माह्यं." मी मुलगी त्यांच्या हातात दिली. तिला कसं धरावं ते त्यांना कळत नव्हतं. इतके महिने मी सगळं एकटीने धरलं होतं. माझे हात रिकामे झाले, तेव्हा मी ते जोडले. या वेळी देवाचं नाव आपोआप ओठांवर आलं.